शून्य नावाच्या मुली

परवा धाकटी फोनवर म्हणाली, "आजी, आजचा सगळा दिवस एक फाइल आत घेण्यात गेला, पण तुला सांगून काय उपयोग." उपयोग आहे, बाळा. चंद्रपुरात लोक कॉम्प्युटर बघायला चपला बाहेर काढून खोलीत यायचे, त्या काळी मी हेच काम करत होते. त्या कामाची आठवण मला आजही गोड लागत नाही. तुमच्या आईला ही गोष्ट मी कधी नीट सांगितली नाही, म्हणून आता लिहून ठेवते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तुमचे आजोबा भद्रावतीच्या आयुध निर्माणीत होते आणि आम्ही तिथल्या वसाहतीत राहायचो. मी रोज सकाळच्या एसटीने चंद्रपूरला जायची. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून पुढे संख्याशास्त्रात एम. ए. केलेली बाई त्या भागात दुसरी नसावी. त्यामुळे आरोग्याच्या पाहणीचं कार्यालय उघडलं तेव्हा तिथली नोकरी मला सहज मिळाली. गडचिरोली जिल्हा काही वर्षांपूर्वीच वेगळा झाला होता, तरी आमचं कार्यालय दोन्ही जिल्ह्यांचं काम बघायचं.

ती पाहणी एका निर्णयासाठी होती. जंगलात पसरलेली आरोग्य उपकेंद्रं चालवणं सरकारला जड जात होतं, त्यातली काही उचलून डांबरी रस्त्यावरच्या गावांत न्यायची होती. कोणती न्यायची आणि कोणती ठेवायची, हे आमच्या तक्त्यांवरून ठरणार होतं. जिथे लहान मुलं जास्त दगावतात तिथलं केंद्र हलवायचं नाही, असं लेखी आलेलं होतं.

नदीपलीकडच्या एका केंद्रावर एक नर्सबाई होती. ब्रह्मपुरीकडची, बौद्ध कुटुंबातली. वडील दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबले आणि मुलीला नर्सिंगला पाठवलं, हे ती अभिमानाने सांगायची. कौलारू दोन खोल्यांचं तिचं केंद्र. पावसाळ्यात नदी चढली की डोंग्याशिवाय तिकडे जाता येत नसे, आणि डोंगाही रोज निघत नसे. ती तिथेच राहायची आणि भांडण लागलं तर भांडता येईल इतकी गोंडी बोलायची.

पाहणीचे फॉर्म द्यायला ती चंद्रपूरला आली तेव्हा माझ्या टेबलासमोर बसून म्हणाली, "बाई, एक सांगा. ह्या कागदावरून माहं केंद्र राहीन का जाईन?"

"जिथे मुलं जास्त दगावतात तिथलं राहील. तसं लिहूनच आलंय."

"मंग राहीनच," ती म्हणाली. "माह्याइतके कोनाचे मरत नाई."

आणि तिने पदराने तोंड पुसलं. मी तिला चहा सांगितला. तिचं केंद्र राहील असं मी आपल्या तोंडाने सांगितलं होतं, आणि तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं.

ते फॉर्म कसे भरले गेले हे मला ठाऊक होतं, कारण एकदा मीही पाहणीवाल्या दोघांबरोबर नदीपलीकडे गेले होते. त्या पाड्यांमध्ये बाळाचं नाव लवकर ठेवत नाहीत. मूल तगेल असं घरच्यांना वाटू लागलं की मग ठेवतात. नाव पडण्याआधी गेलेल्या बाळाबद्दल परक्या माणसाशी कोणी बोलत नाही. "मुलं किती?" असं विचारलं की आई नाव असलेलीच सांगायची. पाहणीवाले तेवढीच लिहून उठायला लागले, तर नर्सबाई त्यांना हाताने खाली बसवायची. मग त्या आईशी गोंडीत हळू काहीतरी बोलायची. आई बराच वेळ पायाच्या बोटांकडे बघत राहायची आणि मग एखादा शब्द बोलायची.

"लिहा भाऊ," नर्सबाई म्हणायची. "पोट्टी होती. मागच्या पावसाळ्यातली. महिना नाई झाला. आता नाई."

"नाव काय लिहू?"

"नाव नाई म्हनून राह्यली ना मी. नाव ठेवलंच नाई. जागा सोडा."

आणि पाहणीवाला जागा सोडायचा. नियमच तसा होता: उत्तर नसेल तिथे मनाचं काही लिहू नये. कागदावर तो रिकामा चौकोन अगदी स्पष्ट दिसायचा. त्याच्यापुढे वय शून्य, मुलगा की मुलगी, आणि शेवटी जिवंत की मृत. वाचणाऱ्या माणसाचा त्यात घोटाळा होण्याचं कारण नव्हतं.

पण वाचणार होतं यंत्र. फॉर्म नागपूरला गेले. तिथे एका संस्थेने ते टाइप केले आणि फ्लॉपीच्या चपट्या तबकड्या बिस्किटांच्या डब्यात घालून एसटीने परत पाठवल्या. आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आणि आकडेमोडीचा एक प्रोग्रॅम होता. त्यात ती फाइल उतरवायची होती. हे काम बघायला नागपूरचेच एक गृहस्थ नेमले होते, हैदराबादला शिकून आलेले, हुशार आणि तोंडाळ. आम्ही त्यांना कॉम्प्युटरवाले म्हणायचो.

फाइल आत जाईना. थोडी आत जायची, अडायची आणि पडद्यावर अमुक ओळीत चूक असा इंग्रजी संदेश यायचा. ती ओळ दुरुस्त केली की पुढच्या ओळीवर अडायची. कुठे टाइप करणाऱ्याने शून्याऐवजी ओ हे अक्षर मारलेलं. कुठे फाइलच्या शेवटी न दिसणारी एक खूण राहिलेली, तिच्यापाशी यंत्राला वाटायचं की काम संपलं. हे सगळं आम्ही दोघांनी बसून निस्तरलं. मग दोन शब्दांची नावं निघाली. नागपूरवाल्यांनी दोन रकान्यांमध्ये एक मोकळी जागा सोडलेली होती, म्हणून जिथे मोकळी जागा दिसेल, मग ती लहान असो की मोठी, तिथे एक रकाना संपला असं यंत्र धरायचं. नावातच मोकळी जागा आली की एका नावाचे दोन रकाने व्हायचे.

"मॅडम, या लोकांना एक नाव पुरत नाही का?" कॉम्प्युटरवाले वैतागून म्हणाले.

"तुम्हाला तीन लागतात, आडनावासकट," मी म्हटलं.

"मेरा तो पासपोर्ट का सवाल है," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. त्या दोन शब्दांच्या नावांमध्ये मी बारीक रेघ घालून ती जोडत गेले. ते काम संपलं, अडणाऱ्या थोड्या ओळी उरल्या, त्या दिवशी घरी आले तर तुमचे आजोबा थंडी वाजून पांघरुणात कुडकुडत होते. मलेरिया होता. वसाहतीच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं आणि मी रजा टाकली.

परत आले तेव्हा कॉम्प्युटरवाले दारातच उभे होते. "मॅडम, झीरो एरर. एका दमात वाचली."

"उरलेल्या ओळी?"

"त्यांच्यात शेवटचा आकडा येत नव्हता. तेवढा भरायची व्यवस्था केली. सर रोज येऊन विचारत होते, झाली का, झाली का."

'सर' म्हणजे आमचे साहेब. पुण्याकडचे, सभ्य, नेहमी इस्त्रीचे कपडे. चंद्रपूरची उन्हं आणि गडचिरोलीचे डास त्यांना शिक्षेसारखे वाटायचे आणि ते तसं बोलूनही दाखवायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून स्वतः खुर्ची पुढे सरकवली.

"मॅडम, हा तक्ता बघा. आमच्याकडे मुलगी झाली की तोंडं पडतात, आणि इथे बघा. नदीपलीकडे एक-दोन वर्षांच्या मुली मुलांच्या दुपटीहून जास्त. शहरातल्यांनी शिकावं यांच्याकडून. आणि तान्ह्या मुलांचे मृत्यू? नाहीतच म्हटलं तरी चालेल. अहवालात मी हे ठळक घेतलंय. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, प्रस्तावना जरा बघून द्या."

मी तक्ता बघितला. एक आणि दोन वर्षांच्या मुलींची गर्दी, आणि तिसऱ्या वर्षापासून मुलं-मुली पुन्हा सारख्या. निसर्गात असं होत नाही. एखाद्या भागात मुलींना जास्त जपत असतील तर त्या तीन वर्षांच्या झाल्यावर जातात कुठे?

"प्रस्तावना नंतर बघते," मी म्हटलं. "आधी मला या मुलींची यादी हवी."

कॉम्प्युटरवाल्यांनी कुरकुरत यादी छापायला लावली. प्रिंटर कर्कश आवाज करत कागद बाहेर ढकलत होता. पहिल्या मुलीचं नाव होतं शून्य. तिच्याखालच्या मुलीचंही शून्य. मधे एखादी नावाची मुलगी यायची, आणि मग खाली पुन्हा शून्यच शून्य.

"टायपिंग मिस्टेक असेल," ते म्हणाले.

"इतक्या मुलींची एकच मिस्टेक?"

मी कपाटातून मूळ फॉर्म काढले आणि घर क्रमांक बघून एकेक जुळवू लागले. पहिल्या काही घरांतच सगळं कळलं.

तुम्हाला समजावं म्हणून पंगतीचं सांगते. पानं मांडलेली आहेत आणि प्रत्येक पानावर त्या-त्या माणसासाठी वेगळं काही वाढलेलं आहे. मधला एक जण आलाच नाही, तर त्याच्यापुढचे सगळे एकेक पान सरकून बसतात. प्रत्येकाच्या पुढ्यात दुसऱ्याचं वाढलेलं येतं आणि शेवटचं पान रिकामं राहतं. आमच्या ओळीत न आलेला माणूस म्हणजे बाळाचं नाव. नावाची जागा रिकामी, म्हणून यंत्राने पुढचा आकडा त्या जागी ओढला. तो होता वय शून्य. म्हणून नाव शून्य. मुलगा असेल तर एक, मुलगी असेल तर दोन असा जो आकडा होता तो सरकून वयाच्या जागी आला. मृत असेल तर दोन, तो सरकून मुलगा-मुलगीच्या जागी आला, आणि तिथे दोन म्हणजे मुलगी. जिवंत की मृत ही शेवटची जागा मोकळी राहिली. तिथे कॉम्प्युटरवाल्यांनी सरसकट एक भरला होता. एक म्हणजे जिवंत.

म्हणजे महिन्याच्या आत गेलेला मुलगा आमच्या फाइलमध्ये एक वर्षाची जिवंत मुलगी झाला होता, आणि गेलेली मुलगी दोन वर्षांची. जी-जी बाळं नाव ठेवण्याआधी गेली, ती सगळी मुली होऊन परत आली होती. आणि प्रत्येक आकडा नियमात बसणारा, म्हणून यंत्राची काही तक्रार नव्हती.

मी हे सांगितलं तेव्हा कॉम्प्युटरवाले खाली बसले. "बहुतेक मुलं जिवंतच असतात ना मॅडम," ते म्हणाले. "म्हणून एक टाकला. सरांना एरर नको होता." माणूस वाईट नव्हता. त्यांनी तेव्हाच काम हाती घेतलं, प्रत्येक रिकाम्या नावाच्या जागी एक फुली घातली आणि फाइल पुन्हा वाचून घेतली. पंगत आपापल्या पानावर बसली. नवा तक्ता निघाला. मृत्यूंच्या क्रमात नर्सबाईचं केंद्र दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यांत वर होतं.

मी तो कागद घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. चष्मा काढून पुसला.

"तुमचं बरोबर आहे, मॅडम. मी नाही म्हणत नाही. पण अहवालातले तक्ते मागच्या आठवड्यातच वर गेले. नुसती प्रस्तावना जायची राहिली आहे."

"मग प्रस्तावनेऐवजी दुरुस्ती पाठवू."

"काय लिहू? आमच्या जिवंत मुली आता मेल्या? पहिला प्रश्न येईल, कोणी मारल्या." स्वतःच्याच बोलण्यावर ते थोडे हसले. "अहो, या कॉम्प्युटरसाठी मी किती जणांची मनधरणी केली तुम्हाला माहीत नाही. त्याचा पहिलाच अहवाल चुकीचा निघाला असं आपणच सांगायचं? पुढच्या फेरीत सुधारू."

"पुढच्या फेरीपर्यंत केंद्र हललेलं असेल."

"केंद्र हललं तर रस्त्यावर येईल. रस्ता काय वाईट आहे?"

प्रस्तावना त्यांनी स्वतःच लिहिली. तिच्यात इंग्रजीच्या ठळक चुका होत्या. त्या मला दिसल्या आणि मी त्या तशाच जाऊ दिल्या. मी वेगळं टिपण लिहिलं, चूक कशी झाली ते पायरीपायरीने, दोन्ही तक्ते जोडून. ते साहेबांच्या टेबलावरून पुढे हललं नाही. मग त्याची एक प्रत मी थेट वरच्या कार्यालयात पाठवली. उत्तर आलं. परवानगीशिवाय मूळ फाइलमध्ये फेरफार का केला, याचा खुलासा करावा. त्या पत्रात मुलांबद्दल एकही शब्द नव्हता.

तुमच्या आजोबांनी ते पत्र दोनदा वाचलं. "तू बरोबर आहेस हे त्यांना कळलंय," ते म्हणाले. "नाहीतर त्यांनी तुला मूर्ख म्हटलं असतं. खुलासा मागितला नसता." त्यांना वाटलं मला याने बरं वाटेल.

पावसाळ्याच्या तोंडावर नर्सबाई आली. हातात पिशवी, पिशवीत दोन कागद. पहिला केंद्र हलवण्याचा हुकूम.

"बाई, तुम्ही तं म्हनलं होतं राहीन."

तिने दुसरा कागद पुढे केला. तो मेमो होता. तिच्या हद्दीत एक-दोन वर्षांच्या इतक्या मुली असताना गोवर आणि त्रिगुणी लसी इतक्या कमी का, कामात हयगय का झाली, असं त्यात विचारलं होतं. केंद्र हलवण्याच्या कारणांत हेही एक कारण धरलं होतं. मी ते वाचलं. हा कोपरा माझ्या लक्षात आलाच नव्हता.

"ह्या पोट्ट्या कोन्त्या बाई? मी घर न घर फिरून आली. मले नाई सापडून राह्यल्या."

मग मी तिला यादी दाखवली. नाव शून्य, घर क्रमांक, वय. तिने घर क्रमांकावर बोट ठेवलं. सगळी घरं तिला पाठ होती.

"हा तं पोट्टा होता. आषाढात गेला. इथी पोट्टी काऊन लिहिलं?" बोट खाली सरकलं. "ही माह्याच हातावर गेली. दोन वर्षांची काऊन?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. पंगत, सरकलेली पानं, शेवटी भरलेला एक. माझं झाल्यावर तिने यादीची घडी घातली, पुन्हा उघडली.

"म्हंजे मी जागा सोडा म्हनलं, म्हनून झालं?"

"नाही. तुम्ही बरोबर सांगितलंत. कागदावर बरोबरच आहे."

"कागदावर बरोबर आहे तं हा मेमो कसाचा?"

मी साहेबांकडे जाऊ या म्हटलं. ती आली. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला, रस्त्यावरच्या गावात वीज आहे, पक्की इमारत आहे, तिला तिथे सोयीचं होईल असं समजावलं. मेमोचं मी बघतो म्हणाले.

"जित्या आहे म्हनता तं एक करा जी साहेब," नर्सबाई म्हणाली. "त्यायले दवाखान्यात बोलवा. मी सुई घेऊन बसतो. एक आली तरी माही नोकरी घ्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ही बाई शिकवून आणली असं त्यांना वाटलं असावं. नर्सबाईने चहा घेतला नाही. बस सुटेल म्हणून ती उठली.

मेमो पुढे साहेबांनी खरोखरच मिटवला. केंद्र मात्र गेलं. हिवाळ्यात मी कामासाठी त्या रस्त्यावरच्या गावी गेले तेव्हा तिला भेटले. नवी इमारत, दारावर रंगाचा वास, भिंतीवर वजनकाटा. ती खुर्चीवर बसून कापसातली सरकी निवडत होती. तिला रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"पलीकडच्या बाया येतात का?"

"कुठी येते? बाळंतपनाच्या कळा लागल्यावर बाईनं नदी पार करून यावं म्हनते का कोनी. पानी उतरल्यावर मी दोनदा जाऊन आली, तं तालुक्याच्या साहेबानं विचारलं, हद्द सोडून काऊन गेली म्हनून." तिने हातातली सरकी खाली टाकली. "इथी काम कमी आहे बाई. इथचे पोरं जगतात."

पाहणीची दुसरी फेरी त्यानंतर झाली. साहेबांनी शब्द दिल्याप्रमाणे सुधारणा केली होती. नाव नसेल तर फुली मारा, अशी सूचना मोठ्या अक्षरांत छापली होती. टाइप करणाऱ्यांना बजावलं होतं. पाहणीवाले दोघं नदीपलीकडे गेले, पण या वेळी सोबत कोणी नव्हतं. पाड्यांतल्या बायांनी त्यांना नाव असलेली मुलं सांगितली. त्यांनी ती लिहिली आणि ते उठले.

फाइल आली. कॉम्प्युटरवाल्यांनी तबकडी आत सरकवली, कळ दाबली आणि खुर्ची मागे रेलून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "गई. पहिल्याच दमात. मॅडम, तुमची फुली एकदासुद्धा लागली नाही."

मी यादी छापायला सांगितली. संध्याकाळच्या बसला वेळ होता. नदीपलीकडच्या पाड्यांची पानं मी बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली. प्रत्येक ओळीत नाव होतं.